घरोघरचे वाचन : अळणी भाजीचे कथानक

गोष्ट संपली की “यावरून काय बोध घ्यावयाचा?” असे मुलांस विचारण्याची चाल आपल्या घराघरांतून फार जुनी आहे. हेतू चांगला, यात शंका नाही. परंतु बोधाचे वाक्य पाठ करून मूल उठून जाते आणि गोष्ट बिचारी तेथेच पडून राहते, असा आमचा अनुभव आहे. यंदाच्या उन्हाळ्यात या अनुभवात एक नवी भर पडली; ती वाचकांपुढे मांडावीशी वाटते.

नांदुऱ्यास उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर अंथरुणे पडली, म्हणजे झोप येईपर्यंत काहीतरी वाचावयाचे, असा आमच्या घरचा परिपाठ आहे. या खेपेस साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घेतली. निमित्त पुतण्याच्या शाळेचे. सुटीत एक कादंबरी वाचून पात्रांचे स्वभाव, विषय आणि कथानक लिहून आणावयाचे होते. चिरंजीवांनी दोन दिवसांत वही पुढे केली. स्वभाव : आई प्रेमळ व शिस्तप्रिय. विषय : मातृप्रेम. कथानकाची जागा मात्र कोरी!

“काका, हिच्यात कथानक नाहीच. नुसत्या बेचाळीस रात्री आहेत.”

त्याची तक्रार अगदीच खोटी नव्हती. गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. रोज रात्री श्याम आपल्या सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो, एवढीच त्याची मांडणी. वरवर पाहता या आठवणी सुट्या मण्यांसारख्या दिसतात. तेव्हा आम्ही मुलांस एवढेच सांगितले, “बोध राहू द्या. आजच्या रात्री हे कुटुंब कोठे राहते आणि त्याच्यापाशी काय उरले आहे, तेवढे पाहत चला.”

मग मण्यांतला दोरा दिसू लागला. श्यामचे कुटुंब आरंभी कोकणातल्या मोठ्या नांदत्या घरात आहे. भाऊबंदकीने ते घर सुटते. आई मानी, माहेरच्या आश्रयास राहणे तिला रुचत नाही, म्हणून लहानशी झोपडी उभी राहते. पुढे कर्ज वाढते, सावकाराचा तगादा लागतो, गावात अब्रू जाते. आई अंथरुणास खिळते, आणि दूर शिकत असलेला श्याम घरी पोचतो तो ती गेल्यानंतर. एका घटनेच्या पोटी दुसरी जन्मते, तेच कथानक. पुतण्याने कोऱ्या जागी लिहिले : “आधी घर जाते, मग पैसा जातो, मग अब्रू जाते, शेवटी आई जाते.” आमच्याने याहून चांगले लिहवले नसते.

स्वभावाचेही तसेच. ‘प्रेमळ’ ही चिठ्ठी कोणाही आईस चिकटवता येईल. पोहण्यास भिऊन लपणाऱ्या श्यामला फोकाने मारून विहिरीवर धाडणारी आणि मागाहून त्याचे वळ पाहून स्वतः कळवळणारी ती ही एकच आई. स्वभाव ओळखावा तो विशेषणांवरून नव्हे. अडचणीच्या वेळी माणूस काय करते, यावरून.

राहिला विषय. त्या रात्री ‘अळणी भाजी’चे प्रकरण निघाले. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील काही न बोलता जेवतात, त्यांचे पाहून मुलेही जेवतात. बोध आमच्या जिभेवर तयारच होता : दुसऱ्याचे मन दुखवू नये. इतक्यात नऊ वर्षांच्या पुतणीने विचारले,

“पण आईला ते सगळ्यांच्या शेवटी का कळले?”

कोणीच बोलेना. अखेर आमच्या मातोश्री म्हणाल्या, “कारण तिचे पान शेवटी मांडले जाई, बाळ.”

“म्हणजे आपल्या आजीसारखे आणि काकूसारखे?”

खरोखर, ती आई पंक्तीला बसली असती, तर ती गोष्टच घडली नसती. पोरीने विचारला तो प्रश्न कथानकाचा होता. पण उत्तर मात्र थेट आमच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले. ते पुस्तक आम्ही लहानपणापासून किती वेळा वाचले असेल; हा प्रश्न आम्हांस कधी पडला नव्हता, कारण आमचे पान नेहमी पहिल्या पंक्तीला असे.

“मग वाढायचे कोणी?” मातोश्रींनी हसून विचारले. पुतण्या उत्तरला, “श्याम आईला घरकामात मदत करतोच की!”

त्यानंतर आमच्या घरी रविवारी स्त्रियांची पंक्ती आधी बसते आणि आम्ही पुरुष व मुले वाढतो. पहिल्या रविवारी वरण सांडले, आणि मातोश्रींना तर बसवेचना; दोनदा उठून त्या चुलीकडे गेल्या. इतर सहा दिवस अद्याप जुनेच चालले आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. आमच्या रुळावरून पश्चिमेस भुसावळ-जळगावपर्यंत जावे, की अमळनेर तेथून दूर नाही. मुलांच्या मनात शिरण्याची कला त्यांस साधली होती. त्यांच्या पुस्तकाची आपण मात्र बहुधा छडी करतो : “बघ, श्याम कसा वागे!” वाचकहो, या महिन्यात एखादे मुलांचे पुस्तक घरी मोठ्याने वाचाल, तेव्हा बोध विचारू नका. “असे का झाले?” एवढेच मुलांस विचारू द्या. उत्तर कदाचित आपल्यालाच द्यावे लागेल. त्याची तयारी मात्र ठेवावी.