दागिना आधी तोंडात जातो

संक्रांत जवळ आली की लहान मुलांच्या बोरन्हाणासाठी हलव्याच्या दागिन्यांच्या ऑर्डरी सुरू होतात. करंजा, उरण, पनवेल या पट्ट्यात तुम्ही घरबसल्या हे काम करत असाल, किंवा यंदा करून बघायचं मनात असेल, तर हे चार शब्द तुमच्यासाठी आहेत.

मुकुट, बासरी, बाजूबंद, कमरपट्टा, हार, वाळे. काळ्या कपड्यांवर पांढरा हलवा उठून दिसतो. फोटो झकास येतो आणि त्या फोटोवरच पुढची ऑर्डर मिळते. हे सगळं खरं. पण बाळाला फोटोशी काही देणंघेणं नसतं. हाताला लागलेली वस्तू ते तोंडात घालतं. नाही गेली तर ओढतं. म्हणून दागिना करायला बसाल तेव्हा तोंडाचा विचार आधी करा, फोटोचा मागून.

पहिली गोष्ट, हलवा आणि मोती एकत्र ओवू नका.

घोळ सगळ्यात जास्त होतो तो इथेच. हलव्याचा दाणा पांढरा, गोल. शेजारी शोभेला लावलेला प्लास्टिकचा मोतीही पांढरा, गोल. दीड वर्षाच्या मुलाला त्यातला फरक कसा कळणार? वर घरातलं कुणीतरी त्याला हाराचा एक दाणा तोडून भरवतं. खाऊ आहे, गोड आहे, असं सांगतं. पुढचा दाणा ते स्वतःच तोडतं. तो मोती असला तर?

एक दागिना एकाच जातीचा करा. हलव्याचा तर सगळा हलव्याचा. शोभा हवी असेल तर जर लावा, रंगीत कापडाची पट्टी लावा. टिकल्या, खडे, चमकी नको. ती सुटतात.

दाणे चिकटवण्यापेक्षा बांधा. हलव्याला भोक पाडता येत नाही, फुटतो. म्हणून जुन्या बायका दोऱ्याचा फास घालून एकेक दाणा अडकवतात. दोरा दुहेरी घ्या. फास दाण्याच्या काट्यांत बसू द्या, मग ओढा. पुढचा दाणा त्याला खेटून. वेळ लागतो, बोटं दुखतात. पण पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेला दाणा वाळला की आपोआप निखळतो, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि गोंद पोटात जाण्यासाठी केलेला नसतो. चिकटवल्याशिवाय भागतच नसेल, तर डब्यावर ठळक लिहा: हा हलवा खाऊ नये. फक्त तोंडी सांगून भागत नाही. समारंभात दागिना चार हातांतून जातो.

टाचण्या, स्टेपलर, सेफ्टी पिना कामाच्या जागी आणूच नका. घाईच्या वेळी हात आपोआप तिकडेच जातो.

आता वयाचं बोलू. बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत करतात. पण एक वर्षाचं बाळ आणि चार वर्षांचं पोर यांना एकच दागिना चालत नाही. ऑर्डर घेताना पहिला प्रश्न वयाचा विचारा. रंग, माप, किंमत सगळं नंतर.

तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी सुटे होतील असे मणी, मोती, घुंगरू नकोत. हे खूळ माझ्या डोक्यातलं नाही. खेळण्यांच्या तपासणीत यासाठी एक ठरलेली नळी असते. तिचा व्यास 31.7 मिलिमीटर, म्हणजे सव्वातीन सेंटीमीटरहून जरासा कमी. तिच्यात जी वस्तू न दाबता पूर्ण मावते, ती तीन वर्षांच्या आतल्या मुलाला धोक्याची. जाड कागदाची तेवढी नळी करून घरात ठेवा. तुमचा मणी त्यात पडतो का बघा. बहुतेक सगळे मणी पडतील.

हलव्याचा दाणाही पडेल. म्हणून अगदी लहान बाळासाठी गळ्यातला आणि हातातला दागिना कापडीच करा. तोंडाला सगळ्यात जवळ तेच असतात. काळ्या कापडाच्या पट्टीवर पांढऱ्या दोऱ्याने गाठीचा टाका भरा. लांबून हुबेहूब हलवा दिसतो. क्रोशा येत असेल तर आणखी छान. खरा हलवा मुकुटावर लावा, आणि मुकुट फक्त फोटोपुरता. कापडी दागिना दुसऱ्या भावंडालाही वापरता येतो, हे गिऱ्हाइकाला आवर्जून सांगा. पैसे मोजताना हात आखडत नाही.

मोठ्या मुलांच्या मण्यांची ओढून परीक्षा घ्या. खेळणी तपासताना साधारण नऊ किलोच्या जोराने दहा सेकंद ओढतात. घरी पाण्याने भरलेली बादली पुरते. मणी निघाला तर तो दागिना विकायचा नाही. दुरुस्त करून देते, असंही नाही. पुन्हा ओवायचा.

गळ्याचं मात्र उलटं आहे. मणी सुटता कामा नये, पण हार सुटला पाहिजे. खिडकीच्या कडीला, पाळण्याच्या दांडीला हार अडकला तर तो गळ्याला आवळण्याआधी उघडायला हवा. म्हणून मागे गाठ नको, हुक नको. वेल्क्रोचा छोटा तुकडा शिवा. हलक्या झटक्याला सुटतो. लोहचुंबकाची कडी दिसायला सोयीची, पण नकोच. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना चिकटून बसतात आणि मधलं आतडं चिमटतं.

हल्ली लुकलुकणाऱ्या दिव्यांचे मुकुट मागतात. सरळ नाही म्हणा. त्यातली बटणाएवढी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आत गंभीर भाजू शकतं. एका ऑर्डरीपायी हा घोर कशाला?

धातूबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

2006 साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात चार वर्षांचा एक मुलगा दगावला. बुटांच्या जोडीबरोबर फुकट मिळालेल्या ब्रेसलेटचं बदामाच्या आकाराचं पदक त्याने गिळलं होतं. ते जवळजवळ निव्वळ शिसं निघालं. वरून चकचकीत होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. मग तसली तीन लाख ब्रेसलेट परत मागवावी लागली.

मासेमारीच्या गावात शिसं नवं नाही. जाळ्याला ते लावलेलं असतंच. जड असतं, मऊ असतं, कागदावर घासलं की काळी रेघ उठते. पण मुलामा दिलेलं शिसं असं ओळखता येत नाही. म्हणून भुलेश्वरला किंवा मस्जिद बंदरला किलोवर मिळणारी स्वस्त धातूची पदकं मुलांसाठी घेऊ नका. कशाची आहेत हे दुकानदाराला सांगता येत नसेल, तर तिथेच ठेवा. मुलांच्या दागिन्यात धातू नसला म्हणून काही अडत नाही. दोरा, कापड, लाकूड, लोकर पुष्कळ झालं.

आणि घरात जाळ्याचं शिसं हाताळलं जात असेल, तर ते काम आणि दागिन्याचं काम एका पाटावर नको. शिशाच्या हातांनी हलवा ओवू नका. साबणाने हात धुवा, मग बसा. तुमचंही मूल तिथेच रांगत असतं.

नुकत्याच टोचलेल्या कानासाठी घरी केलेलं काहीही देऊ नका. स्वस्त धातूतल्या निकेलने कान चिघळतात. ते काम सोनाराचं.

काळ्या मण्यांच्या मनगट्यांवर आजीचा जीव असतो. वाद घालू नका. पण त्या रात्रंदिवस हातात असतात, लाळेने आणि आंघोळीने दोरा कुजतो, आणि एक दिवस मणी अंथरुणात सापडतो. सापडला तर नशीब. नजर काळ्या रंगाने टळते असं आपणच म्हणतो ना? मग काळा सुती दोरा पुरे. आत बोट सहज जाईल इतका सैल ठेवायला सांगा. बाळ भराभर वाढतं, दोरा वाढत नाही.

समुद्राकाठची हवा हा आपल्याकडचा वेगळा त्रास. करंज्याच्या दमट, खाऱ्या हवेत हलवा ओल धरतो, चिकट होतो. तांब्याची तार हिरवी पडते, लोखंडी गंजते. तार वापरूच नका. दागिना तयार झाला की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. समारंभाच्या सकाळीच उघडायला सांगा. साखर उघडी राहिली की मुंग्या येतात. मुंग्यांचा हार बाळाच्या अंगावर चढला तर बोरन्हाण राहतं बाजूला, नुसती रडारड.

बोरन्हाणाचंही सांगते, विषय निघालाच आहे तर. बाळाच्या डोक्यावरून चिरमुरे ओतले की पोरं वेचायला धावतात. त्यात शेंगदाणे, हरभरे, गोळ्या आणि बिया असलेली बोरं मिसळली, तर रांगतं बाळही तेच वेचतं. लहान बाळ असेल तर नुसते चिरमुरे ओता. बाकीचा खाऊ मोठ्या मुलांना पिशवीतून द्या.

एवढं करूनही घशात काही अडकलंच, तर मूल जोरात खोकत असेपर्यंत त्याला खोकू द्या. आवाज बंद झाला, श्वास मिळेना, की वाट बघू नका. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मांडीवर पालथं घ्या, डोकं खाली. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबा. आळीपाळीने करत राहा. मोठं मूल असेल तर पाठीत पाच थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या जरा वर पाच वेळा आत आणि वर दाब द्या. घशात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. दुसऱ्या कुणालातरी 108 लावायला सांगा.

कागदपत्रांचं थोडक्यात. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मिरवायचा दागिना सहसा खेळण्यात धरत नाहीत, पण बाहुलीचा किंवा भातुकलीचा दागिना विकलात तर तो खेळणं ठरू शकतो. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना यात सूट दिलेली आहे. नोंद करून ठेवा. हलवा खाण्यासाठी म्हणून विकत असाल तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते.

एक वही ठेवा. दोरा कुठून घेतला, हलवा कुणाचा, दागिना कुणाला दिला. उद्या एखाद्या मालात खोट निघाली तर बाकीच्या घरांना फोन करता आला पाहिजे.

दर ठरवताना फासाचे तास धरा. अर्धे पैसे आगाऊ घ्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा हंगाम थोडक्या दिवसांचा. त्यात चार ऑर्डरी कमी घ्या, पण रात्री दोन वाजता पेंगत ओवू नका. सैल फास तेव्हाच पडतात.

प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी ठेवा. मराठीत, मोठ्या अक्षरात. दागिना किती वर्षांच्या मुलासाठी आहे. मोठं माणूस जवळ असतानाच घालावा. फोटो झाला की काढावा. अंगावर ठेवून झोपवू नये. हलवा खायचा की नाही. खाली तुमचं नाव आणि फोन नंबर.

यंदाची पहिली ऑर्डर घेण्याआधी ही चिठ्ठी लिहून तयार ठेवा.