अनुभव कोणाचा धरायचा?

कामातल्या चुका, खोळंबा आणि नासाडी कमी करण्याची पद्धत म्हणजे सिक्स सिग्मा. १९८६ साली मोटोरोला कंपनीत ती सुरू झाली. दहा लाख संधींमागे ३.४ चुका, हे तिचं माप. हिंगोलीतल्या आपल्या मुलींनी या परीक्षेची तयारी जरूर करावी, असं मी म्हणते.

पण नियमही वाचावेत. अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटीच्या ‘ग्रीन बेल्ट’ परीक्षेला बसायला ३ वर्षांचा अनुभव लागतो; तोही पूर्णवेळ, पगारी कामाचा.

आता वसमतकडची हळद बघा. काढणी, शिजवणं, वाळवणं, निवडणं, सगळीकडे बाईचा हात. ओली राहिली तर बुरशी धरते, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. पण घरच्या रानात ती बिनपगारी, दुसऱ्याच्या रानात हंगामी. म्हणजे कागदावर अनुभव शून्य!

या शास्त्रात वाट पाहत बसणं हीसुद्धा नासाडी. मग पाण्याच्या टँकरपुढे बाईचे जाणारे तास कोणत्या रकान्यात मांडायचे?

मैत्रिणींनो, मुलींना अभ्यासासाठी घरकामातून वेळ मिळवून देऊया. आणि बाईच्या कामाची हजेरी लागलीच पाहिजे, हा आग्रह गावोगाव धरूया.