तिसऱ्या छिद्रामागे काय आहे?

पावसाळ्यात विजेचा धक्का लागून कुणी दगावल्याची बातमी आली, की तिच्यात 'दुर्दैवी अपघात' हे दोन शब्द हमखास आढळतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात देशात विजेच्या धक्क्याने १२ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हे सारे मृत्यू दुर्दैवाच्या खात्यावर जमा करणे आम्हांला पटत नाही. त्यांत शेतात तुटून पडलेल्या तारा आहेत, रस्त्यावरचे खांब आहेत आणि घरातल्या भिंतीवरचा सॉकेटही आहे. यांपैकी शेवटची गोष्ट तरी आपल्या हातातली आहे.

वसईची जुनी कौलारू घरे असोत वा मुंबईच्या चाळी, तेथील मूळ वायरिंग चार दिवे, एखादा पंखा आणि रेडिओ यांच्यापुरते झाले होते. फेज आणि न्यूट्रल अशा दोन तारा व दोन छिद्रांचा सॉकेट एवढ्यावर भागत असे. आज त्याच भिंतींना फ्रीज, गीझर आणि धुलाई यंत्र जोडलेले असते. धातूच्या आवरणाच्या या उपकरणांना तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार अनिवार्य आहे. आवरणात उतरलेली वीज माणसाच्या देहातून न जाता जमिनीत जावी, हे त्या तारेचे काम.

प्रश्न येथेच सुरू होतो. नवीन उपकरणाचा तीन पिनांचा प्लग जुन्या सॉकेटात बसत नाही, म्हणून सॉकेट बदलला जातो. पण तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते. काही ठिकाणी कारागीर त्या छिद्राला आतल्या आत न्यूट्रलची तार जोडून देतो. परीक्षक दिव्याने पाहिले तर सारे ठीक दिसते. परंतु मागे कोठे न्यूट्रल तुटली, तर चालू उपकरणातून फिरून आलेला २३० व्होल्टचा दाब थेट त्याच्या धातूच्या आवरणावर येतो. उपकरण निर्दोष असूनही ते जीवघेणे ठरते. दोन छिद्रांचा जुना सॉकेट निदान आपली उणीव लपवीत नाही. हा नवा सॉकेट खोटे आश्वासन देतो. अर्थिंगची तार नळाच्या पाइपला बांधणे हाही तसाच घातक प्रकार आहे, कारण बिघाड झाल्यास धक्का नळाला हात लावणाऱ्या दुसऱ्याच कुणाला बसतो.

'आमच्याकडे एमसीबी आहे' असे समाधान अनेकजण मानतात. एमसीबी तारांना अतिभारापासून वाचवते, माणसाला नव्हे. माणसाच्या रक्षणासाठी आरसीसीबी हे साधन ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडते. १६ अँपिअरच्या एमसीबीला जागे व्हायला याच्या पाचशे पटींहून अधिक प्रवाह लागतो. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांची ते तुलना करते. म्हणून अर्थिंग नसलेल्या घरातही ते उपयोगी पडते. फरक इतकाच, की अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच वीज तुटते. नसेल तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत बिघाड दडून राहतो.

यावरून कामाचा क्रम ठरतो. परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून प्रथम वायरिंगची तपासणी करून घ्यावी आणि न्यूट्रलच्या खोट्या जोडण्या काढाव्यात. त्या राहिल्या तर आरसीसीबीलाही गळती कळत नाही. मग आरसीसीबी बसवावी. त्यानंतर अर्थिंगचा खड्डा करून त्याचा रोध मोजून घ्यावा आणि तेथून प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी तार आणावी. सुरुवात गीझर, धुलाई यंत्र व स्वयंपाकघर यांपासून करावी. तारांचे रबर ठिसूळ झाले असेल, तर ठिगळे न लावता संपूर्ण वायरिंग बदलणेच श्रेयस्कर. आरसीसीबी वारंवार पडत असेल, तर ती काढून न टाकता गळती शोधावी, आणि तिचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

राहतो प्रश्न खर्चाचा. भाड्याच्या जुन्या घरांत तो अधिक बिकट होतो. जागा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे. मात्र वर्षानुवर्षे गोठलेल्या भाड्यातून हा खर्च कसा भागवावा, असे मालक विचारतो, आणि जे घर आपले नाही त्यात पैसा का घालावा, असे भाडेकरू विचारतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण त्यांचा वाद मिटेपर्यंत बिघाड थांबून राहत नाही. एका इमारतीतील बिऱ्हाडांनी आणि मालकाने मिळून अर्थिंगचा खर्च वाटून घेतला, तर प्रत्येकाचा भार हलका होतो. आरसीसीबी मात्र ज्याने त्याने आपल्या घरात लावून घ्यावी. तेवढ्यासाठी वाद मिटण्याची वाट पाहू नये. वाचकहो, पहिल्या सरी कोसळण्यापूर्वी आपल्या घरातील तिसऱ्या छिद्रामागे खरोखर तार आहे की नाही, हे जाणकाराकडून एकदा पाहून घ्या.