तांबीची मुदत कोणाच्या हिशेबात?

शासकीय दवाखान्यांतून स्त्रियांना मोफत बसविल्या जाणाऱ्या तांबीचे दोन प्रकार आहेत. '३८० अ' या प्रकाराची मुदत दहा वर्षे, तर '३७५' या प्रकाराची पाच वर्षे. आपल्याला कोणती तांबी बसविली व ती कोणत्या वर्षी काढावयाची, हे प्रत्येक स्त्रीला ठाऊक असतेच असे नाही. प्रश्न वरवर वैद्यकाचा वाटतो. मुळात तो हक्काचा आहे.

१९६५ साली सरकारने लूप आणले. ते निव्वळ प्लॅस्टिकचे होते. झिजून संपावे असे त्यात काही नव्हते, म्हणून त्याला ठरावीक मुदतही नव्हती. परंतु रक्तस्राव आणि वेदनेची तक्रार घेऊन स्त्री परत आली, तर तिचे ऐकून घेणारी व्यवस्था अपुरी होती. शिबिराचे पथक पुढच्या गावी गेलेले असे. दोन-तीन वर्षांतच कार्यक्रमाचा जोर ओसरला. साधन टिकाऊ होते, विश्वास टिकला नाही.

पुढे तांबी आली. तिच्यावरील तांबे अत्यंत मंद गतीने विरघळते व शुक्रजंतूंना निकामी करते. म्हणून तांब्याचे क्षेत्रफळ आणि मुदत यांचा संबंध येतो. जुनी '२००' तांबी तीन-चार वर्षांनी बदलावी लागे. २००२ पासून आलेल्या '३८० अ' तांबीवर ३८० चौरस मिलिमीटर तांबे आहे. ती बारा वर्षांपर्यंत परिणामकारक राहते, असे दीर्घकालीन पाहणीत आढळले आहे. संप्रेरकयुक्त साधनाची मुदतही अमेरिकेत पाच वर्षांवरून वाढत २०२२ साली आठ वर्षांवर गेली. साधन तेच, वाढले ते त्याविषयीचे ज्ञान. ते ज्ञान वापरणाऱ्या स्त्रीपर्यंत पोहोचते काय?

एका वेळच्या अल्प खर्चात दहा वर्षांची निश्चिंती, आणि तीही हवी तेव्हा मागे घेता येणारी! अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर हा सौदा शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरावा. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती आणि तांबी वापरणाऱ्या अवघ्या २.१ टक्के होत्या. पुरुष नसबंदी ०.३ टक्के! र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा त्यांच्यापुढे स्त्रीचे सुख व स्वातंत्र्य होते. शासनाने मात्र हा विषय प्रामुख्याने लोकसंख्येच्या आकड्यांचा केला. उद्दिष्टे १९९६ साली अधिकृतपणे रद्द झाली खरी. पण प्रसूतीनंतर तांबी बसविल्याबद्दल आशा कार्यकर्तीला मोबदला देण्याची पद्धत पुढे आलीच. दोष त्या राबणाऱ्या कार्यकर्तीचा नव्हे. बसविण्यालाच काम मानणाऱ्या हिशेबाचा तो दोष आहे.

तेव्हा प्रत्येक स्त्रीच्या हाती प्रकार, बसविल्याची तारीख व काढण्याचे वर्ष लिहिलेले मराठी कार्ड असले पाहिजे. प्रसूतीनंतर बसवावयाची असल्यास संमती आधीच्या तपासण्यांच्या वेळी घेतली जावी. वेणा सुरू असताना मिळविलेला होकार हा होकार नव्हे. आणि काढून घ्यावयाची असेल तर मुदत संपेपर्यंत थांबण्याची अथवा नवऱ्याची परवानगी आणण्याची अट असता कामा नये.

कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील उपकेंद्रात जाऊन पाहावे. मागील वर्षी किती तांब्या बसविल्या, हे विचारावे. मग दहा वर्षांपूर्वी बसविलेल्यांपैकी किती जणींना मुदत संपल्याचे कळविले, त्याची नोंदवही मागावी.