कोळ्याच्या पिल्लाला मोरीतले झुरळ नको

जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेले एक टपाल पार्सल उघडले. आत थर्माकोलचा डबा, डब्यात चंदेरी कागद आणि कापसात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या १०७ कुप्या आणि कुपीकुपीत एकेक जिवंत कोळी. टॅरंटुला. परत पोलंडला धाडण्यासाठी ते टपाल खात्याच्या स्वाधीन झाले. बातमी वाचून अनेकांना विषाची धास्ती वाटली असेल. पण एक साधा प्रश्न राहूनच गेला: या कुप्या ठरल्या पत्त्यांवर पोहोचल्या असत्या, तर दुसऱ्या दिवशी या १०७ तोंडांना कोण काय भरवणार होते?

आधी कायद्याचे बोलून घेतलेले बरे. मेक्सिकोकडचा ब्रॅकिपेल्मा आणि आपल्याकडचा, सह्याद्रीतल्या झाडांच्या ढोल्यांतही राहणारा पोसिलोथेरिया हे दोन्ही वंश साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ च्या नियमांनी त्या यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी बंधनकारक केली. जंगलातून कोळी उचलून आणणे हा छंद नव्हेच, त्याची चर्चा इथे नको. प्रश्न आहे तो कागदपत्रांसह, रीतसर घरी आलेल्या पिल्लाचा.

हे पिल्लू मसुराच्या दाण्याएवढे असते. नारायण पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात किंवा वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत ते येते आणि संध्याकाळी घरात विचारणा होते, की याला खायला काय? घरातल्या वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते. मोरीत झुरळांना काय तोटा! एका बाजूला नदीपात्र, दुसऱ्या बाजूला जुनी गटारे, कागदाच्या गठ्ठ्यांनी आणि पुस्तकांनी भरलेली दुकाने. पेठेत झुरळ मिळणार नाही असे होणारच नाही. फुकटचे खाद्य आणि घरचीही सफाई.

नेमके हेच करू नये.

कारण शहरातले झुरळ हे विष पोटात घेऊन हिंडणारे झुरळ असते. स्वयंपाकघरातल्या बिजागऱ्यांना हल्ली जे जेलचे ठिपके लावतात, त्यातले फिप्रोनिल किंवा तत्सम कीटकनाशक मुद्दाम सावकाश काम करणारे असते. झुरळाने ते खावे, चालत घरट्यापर्यंत जावे, तिथे त्याची विष्ठा आणि मढे खाऊन बाकीच्यांनीही मरावे, हीच त्यामागची योजना. म्हणजे पहिल्या झुरळापाठोपाठ दुसरे, दुसऱ्यापाठोपाठ तिसरे. या साखळीत आणखी एक कडी जोडायला कोळ्याचे पिल्लू आयतेच सापडते. त्यातही गंमत अशी, की धडधाकट झुरळ हाती लागत नाही. दिवसाउजेडी भेलकांडत चाललेले, झाडूच्या एका फटक्यात सापडणारे झुरळच डबीत जाते. सहज सापडले याचा अर्थच बहुधा ते विषाने अर्धमेले झाले आहे.

खडूच्या रेघा, डेंगीच्या दिवसांतली धूरफवारणी, वाळवीसाठी लाकडाला मारलेले औषध यांचेही तेच. पावसाळ्याच्या तोंडावर ट्यूबलाइटभोवती जमणारी पंखवाली वाळवी पिल्लाला टाकण्याचा मोह होतो, पण ती कुठल्या फवारलेल्या तुळईतून उडाली हे कोणी सांगावे? पायरेथ्रॉइड गटातली औषधे कीटकांसाठी बनवलेली असली, तरी कोळ्यालाही ती मारतात आणि मसुराएवढ्या शरीराला त्यांची मात्रा ती किती लागणार! ज्या खोलीत रात्रभर डासांचे लिक्विड लावले जाते, त्या खोलीत पिल्लाची डबी ठेवूच नये.

मग द्यायचे काय? सर्वांत चांगले उत्तर केळ्याच्या सालीवर बसलेले असते. चिलट, म्हणजेच ड्रोसोफिला. (शेतकरी ज्या फळमाशीने हैराण असतो ती वेगळी आणि बरीच मोठी.) आनुवंशिकशास्त्राने शंभरहून अधिक वर्षे हिला बाटल्यांत वाढवले आहे, पाषाणच्या आयसर संस्थेतल्या प्रयोगशाळांतही ती वाढते. घरी तिला लागते पिकलेले केळे, थोडे यीस्ट, ओलावा धरायला भाजलेला रवा आणि तोंडाला कापड बांधलेली काचेची बाटली. २५ अंशांच्या आसपास अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस पुरतात. बाहेरून आलेली पहिली चिलटे पिल्लाला देऊ नयेत. बाटलीत जन्मलेली त्यांची संतती द्यावी. उडतात म्हणून त्रास होत असेल, तर बाटली काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी, चिलटे गारठून पडतात. महिन्याभराने बाटलीत बारीक माइट होऊ लागतात, तेव्हा नव्या बाटलीत बिऱ्हाड हलवून जुनी फेकून द्यावी.

पंख खुरटलेले वाण मिळाले तर काम आणखी सोपे. मात्र पुण्याचा एप्रिल लक्षात ठेवायला हवा. खुरट्या पंखांच्या काही वाणांच्या अळ्या ३० अंशांच्या घरात वाढल्या, की त्यांना पुन्हा बऱ्यापैकी पंख फुटतात, आणि त्याच उष्णतेने नर वांझही होतात. पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेली बाटली मे महिन्यात ओस पडते ती याच कारणाने. मातीच्या पसरट भांड्यात थोडे पाणी घालून त्यात बाटली ठेवली, तर जुन्या माठाचेच तंत्र इथेही उपयोगी पडते.

दुसरे खाद्य आपल्या डब्यातच तयार होते. पावसाळ्यात रव्यात होणाऱ्या अळ्या घरातले सगळे नाक मुरडून टाकून देतात, पण त्या पिल्लाला चालतात. अट एवढीच, की डब्यात कीडनाशक गोळी किंवा पावडर टाकलेली नसावी. अळ्याच द्याव्यात, त्यांचे भुंगेरे नकोत. रव्यातला तांबडा भुंगेरा तिखट रसायन सोडतो. मीलवर्म ही याच भुंगेऱ्यांच्या गोतावळ्यातली मोठी अळी. ती कोंड्यावर वाढते आणि पाण्यासाठी तिला गाजराचा तुकडा पुरतो. पिल्लासाठी तिचे तुकडे करावे लागतात. हे ऐकून अनेकजण बिचकतात. कोळ्याने शिकार करून खावे, मेलेले कसे खाईल? खातो. कोळी घास चावत-गिळत नाही. तो भक्ष्यावर पाचकरस सोडून त्याचा रस्सा करतो आणि शोषतो. ताजा कापलेला तुकडा त्याला पुरे होतो, आणि जिवंत सोडलेली अळी मातीत शिरून दडून बसण्याचा धोकाही उरत नाही. दुसऱ्या दिवशी उरलेला तुकडा उचलून टाकायचा, नाहीतर बुरशी धरते.

रातकिडे पुस्तकात पहिल्या क्रमांकावर असतात, पण पेठेतल्या दोन खोल्यांत ते नकोत. रात्रभर किरकिर, दुर्गंधी, शिवाय मोठा रातकिडा कात टाकत निश्चल पडलेल्या पिल्लालाच कुरतडतो. पाश्चात्त्य देशांत २०१० च्या सुमारास एका विषाणूने घरगुती रातकिड्यांची केंद्रेच्या केंद्रे रिकामी केली होती.

परदेशी झुरळांबाबत मात्र ठाम नकारच हवा. ‘रेड रनर’ नावाने विकले जाणारे तुर्कस्तानी झुरळ चपळ, मऊ आणि कोळ्यांना प्रिय असते. अमेरिकेत ते प्रथम १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी तळावर आढळले. पुढे त्याने नैर्ऋत्येकडच्या शहरांत गटारांच्या आणि मीटरच्या पेट्यांतून तिथल्या जुन्या झुरळांना हुसकावले. पाळीव प्राण्यांचे खाद्य म्हणून चालणाऱ्या विक्रीनेही त्याला हातभार लावल्याचे कीटकशास्त्रज्ञ सांगतात. उष्ण, कोरड्या गावात ते सुखाने नांदते. भिंतीला भिंत लागलेल्या पेठेत एका घरातून निसटलेली दहा झुरळे ही त्या घराची खासगी बाब राहत नाही. खाली दम्याचे आजोबा राहतात. झुरळांची विष्ठा आणि कात यांची धूळ दम्याचे जुने, सिद्ध झालेले कारण आहे. छंद कोणाचा आणि धाप कोणाला!

किती द्यायचे, यात पुणेकर घरे हमखास चुकतात. पोर उपाशी राहील या मायेने रोज भरवतात. पिल्लाला आठवड्यातून एक-दोनदा, त्याच्या पोटाहून मोठा नसलेला घास पुरतो. कात टाकण्याआधी ते दिवसच्या दिवस खात नाही. तेव्हा डबीत काहीही जिवंत सोडू नये. कात टाकल्यावर दात कडक व्हायलाही काही दिवस द्यावेत. फुगवून वाढवलेला नर लवकर प्रौढ होतो आणि लवकर संपतो, तर मादी वीस वर्षेही जगू शकते. पोट टम्म झालेला कोळी उंचावरून पडला तर फुटू शकतो.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा करावा. आधी चिलटांची बाटली लावावी. तीन पिढ्या निघू द्याव्यात, म्हणजे महिना-सव्वा महिना. घरातल्यांना ती बाटली ओट्याजवळ चालते का, सुटीत गावी गेल्यावर तिच्याकडे कोण बघते, मेच्या उन्हात ती तगते का, हे सगळे त्या महिन्यात कळते. बाटली मेली तर नुकसान एका केळ्याचे. कोळ्याची चौकशी त्यानंतर करावी, आणि विकणाऱ्याकडे पहिल्यांदा नोंदणीचा कागद मागावा.