अंधारात मोठे नव्हे, उजळ दिसावे

दिल्लीच्या आसपास यमुनाकाठच्या आणि अरवलीच्या पायथ्याच्या शेतांना नीलगाईंचा उपद्रव नवा नाही. विदर्भात रोही म्हणतात, तो हाच प्राणी. गहू, हरभऱ्यावर त्याची धाड बहुधा सांजवेळी आणि पहाटे पडते. राखणदाराची नजरही त्याच वेळी दुबळी असते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार नीलगाय संरक्षित आहे. उभ्या पिकाला धोका असल्यास कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी सकारण लेखी परवानगी देऊ शकतो. अशी परवानगी मिळताच चर्चा सुरू होते ती रायफलीवरील दुर्बीण किती पटींची असावी याची. हा प्रश्नच अपुरा आहे.

निशाचर पतंगाच्या संयुक्त नेत्रात शेकडो भिंगांतून आलेला प्रकाश एका ठिकाणी एकवटतो. अंधारात त्याच्या उपयोगी पडतो तो हा प्रकाशसंचय. दुर्बिणीचेही तसेच आहे. पुढील भिंगाच्या व्यासाला पटींनी भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ४० मिलिमीटरचे भिंग १२ पटींवर जेमतेम ३.३ मिलिमीटरचा झोत देते. तेच ६ पटींवर ६.७ मिलिमीटरचा. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत विस्फारते, पन्नाशीनंतर बहुधा ५ पर्यंतच. झोत बाहुलीपेक्षा बारीक झाला की चित्र काळवंडते. म्हणून पटी बदलता येणारी दुर्बीण सांजवेळी कमी पटींवर ठेवणे शहाणपणाचे. भिंगांवरील लेपही पाहावा. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. असे दहा पृष्ठभाग असल्यास जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाया जातो.

याहून महत्त्वाचा मुद्दा सुरक्षिततेचा. रायफलीवरील दुर्बिणीतून जिकडे पाहावे तिकडे नळीही वळते. संधिप्रकाशात रंग विरतात. करडा नर, तांबूस मादी, मोकाट गुरे आणि घोंगडी पांघरून बसलेला शेजारी यांत फरक करणे कठीण होते. त्यामुळे शोध आणि ओळख यांसाठी वेगळी, हातातली दुर्बीण अनिवार्य मानली पाहिजे. ८ पटींची, ४२ मिलिमीटर भिंगाची साधी द्विनेत्री दुर्बीण ५ मिलिमीटरहून अधिक झोत देते आणि राखणीच्या प्रत्येक रात्री कामी येते; तिला बंदुकीचा परवाना लागत नाही. रानडुक्कर, मोकाट जनावरे किंवा चोर यांची चाहूल घेण्यासही तीच उपयोगी.

विस्तार कार्यकर्त्यांनी पीकसंरक्षणाच्या प्रशिक्षणात हा साधा भागाकार शिकवावा. दुकानाच्या झगझगीत उजेडात सर्वच दुर्बिणी चांगल्या भासतात. म्हणून खरेदीपूर्वी त्यांची पारख दिवेलागणीनंतर बांधावर करावी. डोळा अंधाराला सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले तरी ती सवय मोडते, हेही सांगावे. प्राण्याची ओळख निःसंशय पटेपर्यंत रायफल खांद्याला लागू नये. लेखी परवानगी हाती असली, तरी या नियमाला सूट नाही.