‘पेपे ल मोको’: प्रेमकथा कोणाची, शहर कोणाचे?

१/७
झ्युलियँ द्युविव्हिए यांच्या ‘पेपे ल मोको’ला (१९३७) ‘कालातीत प्रेमकथा’ म्हणून मोकळे होण्याची रीत पडली आहे. ही प्रशंसा फसवी आहे. हा चित्रपट आपल्या काळात पुरता रुतलेला आहे आणि त्याची मोहिनीही तिथूनच येते.

२/७
पॅरिसचा फरारी दरोडेखोर पेपे (झाँ गाबँ) अल्जिअर्सच्या कास्बात दडला आहे. त्या गल्ल्यांत पोलिसांचे काही चालत नाही. पण बाहेर पाऊल टाकले की अटक ठरलेली. अशात गाबी (मिरेय बालँ) ही पॅरिसची सुंदरी येते. तिच्या ओढीने पेपे आपणच बाहेर येईल, हे इन्स्पेक्टर स्लिमान ओळखतो.

३/७
आता त्यांचे प्रेमालाप नीट ऐका. दोघे परस्परांना सांगतात ती पॅरिसच्या रस्त्यांची नावे! गाबीच्या सहवासात पेपेला मेट्रो आठवते. ती प्रेयसी कमी, मायदेश अधिक आहे. त्याच्यावर जीव टाकणारी इनेस मात्र त्याला तुरुंगाचाच भाग वाटते.

४/७
तो ‘तुरुंग’ कोणाचे तरी घर होते. फ्रान्सने अल्जिअर्स १८३० मध्ये जिंकले. १९३६ च्या ब्लूम-व्हिओलेट प्रस्तावात सुमारे ६० लाख मुस्लिमांपैकी जेमतेम २० ते २५ हजारांना राजकीय हक्क मिळणार होते. वसाहतवाल्यांच्या विरोधामुळे तो मतदानापर्यंतही पोहोचला नाही. त्याच सुमारास पडद्यावर कास्बाची ओळख करून दिली जात होती, ती पोलिसांच्या तोंडून.

५/७
या कास्बाचा बराचसा भाग फ्रान्समधील स्टुडिओत उभारलेला होता. स्लिमान आणि इनेस या भूमिकाही युरोपीय कलावंतांनीच केल्या. अल्जिरियात घडणाऱ्या कथेत अल्जिरियन माणूस पार्श्वभूमीपुरता उरला.

६/७
मग चित्रपट टाकाऊ ठरतो का? मुळीच नाही. बंदराच्या गजांआडून पेपे गाबीला हाक मारतो आणि बोटीचा भोंगा ती हाक गिळून टाकतो. तो क्षण आजही काळीज हलवतो. प्रश्न इतकाच, की राज्यकर्त्यांच्या देशातून आलेल्या एका माणसाच्या विरहावर अश्रू ढाळताना, स्वतःच्याच शहरात परके ठरलेल्यांची आठवण आपल्याला का होत नाही?

७/७
अल्जिरिया १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. १९६६ मध्ये जिलो पोंतेकोर्व्हो यांचा ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ आला. तो खऱ्या कास्बात चित्रित झाला, बहुतांशी अव्यावसायिक कलाकारांना घेऊन. तशाच पायऱ्या, तशीच गच्च्या. पण या वेळी गल्लीला स्वतःचा आवाज होता. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहा. पहिल्याचे सौंदर्य उणावणार नाही. त्याची किंमत कोणी मोजली, हे तेवढे कळेल.